रोही धडकून गाडी 'टोटल लॉस' : सॅल्व्हेज, आरसी आणि कर्जाबद्दल मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

गाडी बाबांच्या नावावर आहे, चालवत होता धाकटा भाऊ. रात्री शेतातून एक मोठा रोही (नीलगाय) थेट रस्त्यावर आला. ब्रेक लागला, तरी धडक बसलीच. दोन्ही एअरबॅग उघडल्या. भाऊ आणि वहिनी सुखरूप आहेत, वहिनीच्या मनगटाला मुका मार आहे एवढंच. रोही बिचारा जागीच गेला. भावाने लगेच ११२ ला फोन केला, पोलिसांनी वनविभागाला कळवलं, वनरक्षकांनी येऊन पंचनामा केला. त्याची प्रत आमच्याकडे आहे.

रोही उंच जनावर, त्यामुळे मार फक्त बंपरवर नाही बसला. बॉनेट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर तर गेलेच, पण धड काचेवर आल्याने छताची पुढची कड दबली आणि काचेच्या डावीकडचा पिलर (छताचा खांब) वाकला. वर्कशॉपचं एस्टिमेट ५,४०,००० रुपये आहे. पॉलिसीत आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ६,२०,००० आहे, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) घेतलेलं आहे. विमा कंपनीचे सर्व्हेअर येऊन गेले, आणि आता कंपनी टोटल लॉस (दुरुस्ती न करता पूर्ण नुकसान धरणं) म्हणते. मोडक्या गाडीसाठी (सॅल्व्हेज) कंपनीने ऑनलाइन बोली लावली, सर्वात मोठी बोली १,७०,००० ची आली.

बाबांचा जीव त्या गाडीत आहे, त्यांना ती दुरुस्तच करून हवी आहे. तसा हट्ट धरता येतो का? आणि बोली जिंकलेला खरेदीदार सारखा फोन करतोय, "उद्या टोचन घेऊन येतो, आरसी आणि फॉर्म २९-३० वर सह्या करून ठेवा, नाव नंतर बदलून घेऊ." (हे फॉर्म मालकी बदलण्याचे.) हे बरोबर आहे का? बँकेचं २,८०,००० कर्ज बाकी आहे. वर्कशॉप रोजचं पार्किंग भाडं लावणार म्हणतंय. बाबांनी अजून कशावरच सही केलेली नाही.

प्रतिसाद

ताई, सगळे सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. मोटार विम्याच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून आधी हिशोब सांगतो.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. तुमच्या बाबतीत ही रेषा ४,६५,००० ला येते. पण पॉलिसीतले शब्द असे आहेत की हा खर्च 'पॉलिसीच्या अटींना धरून' मोजायचा. म्हणजे नुसतं वर्कशॉपचं एस्टिमेट नव्हे, सर्व्हेअरने मंजूर केलेला आकडा. झिरो डेप नसतं तर प्लास्टिक, रबर, एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा कापला गेला असता, आकडा रेषेच्या खाली आला असता, आणि मग गाडी दुरुस्त झाली असती पण फरकाचे पैसे बाबांच्या खिशातून गेले असते. झिरो डेपमुळे मंजूर आकडा एस्टिमेटच्या जवळपास राहतो. तरी सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा, ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.

दुरुस्तीचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, हट्ट करू नका. वाकलेला पिलर कापून नवा जोडतात. छताचा आणि दाराचा भार तोच पेलतो. वर उघडलेल्या एअरबॅग, त्यांचं कंट्रोल युनिट, धडकेत सीटबेल्ट आवळणारे प्रीटेन्शनर, सगळं नवं लागतं. गाडी उघडल्यावर एस्टिमेट वाढतं, कमी होत नाही. बाबांना वाईट वाटणारच, पण पुढच्या धडकेत ती गाडी आतल्या माणसाला तेवढंच सांभाळेल याची खात्री कोण देणार?

प्रतिसाद

कोऱ्या फॉर्मवर सही अजिबात नको! गाडी गेली, पैसे आले, पण आरटीओच्या नोंदीत नाव बाबांचंच राहिलं तर कायद्याने मालक तेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हेच सांगितलं : गाडी पुढे कितीही हातांत फिरली तरी नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. मोडक्या गाडीचा आरसी आणि चेसिस नंबर चोरीच्या गाडीला लावण्याचेही प्रकार होतात.

म्हणून दोनच मार्ग. एक, खरेदीदाराच्या नावावर हस्तांतर पूर्ण झाल्याचं दिसल्यावरच गाडी द्यायची. दुसरा, आरसी रद्द करूनच भंगारात द्यायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायचा असतो. मी दुसरा मार्ग निवडेन. मात्र कंपनीला आधी विचारा, की बोली आरसीसह आहे की रद्द आरसीवर? रद्द आरसीवर बोली खाली येते, त्या फरकाचं काय ते लेखी घ्या.

प्रतिसाद

पंचनामा केलात हे फार चांगलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे मेलेलं वन्य जनावर सरकारची मालमत्ता असतं, त्याला कोणी हात लावायचा नाही. महाराष्ट्रात वनविभागाचा क्रमांक १९२६ आहे, सगळ्यांनीच फोनमध्ये ठेवावा. एक वाचणाऱ्यांसाठी : जनावर धडकल्यावर गाडी चालू होतेय म्हणून पुढे नेऊ नका. रेडिएटर फुटलेला असू शकतो, इंजिन तापून जाम झालं की ते नुकसान पॉलिसीत बसत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना पिलरबद्दलचा प्रतिसाद वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "नको मग." खरेदीदाराला थांबवलं आहे. पण बँकेचे पैसे कोण, कधी भरणार?

पहिल्याच प्रतिसादकाचं उत्तर

६,२०,००० मधून सक्तीचा एक्सेस (आपण सोसायचा वाटा) १,००० गेला (१५०० सीसीपर्यंतच्या गाडीला एवढाच). राहिले ६,१९,०००. यात बोलीचे १,७०,००० खरेदीदार देतो, उरलेले ४,४९,००० कंपनी. आरसीवर बँकेचा बोजा आहे, म्हणून कंपनीच्या रकमेतून आधी बँक २,८०,००० घेईल. बाबांच्या हाती दोन्ही मिळून ३,३९,००० येतील. मध्ये हप्ता चुकवू नका, गाडी नसली तरी कर्ज चालूच असतं. कर्ज फिटलं की बँकेकडून एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) घेऊन बोजा उतरवा, त्याशिवाय आरटीओत पुढचं काही हलत नाही. पॉलिसीत 'रिटर्न टू इनव्हॉइस' आहे का तेही बघा. असेल तर हिशोब बिलाच्या किमतीवर होतो, आयडीव्हीवर नाही.

पार्किंग भाडं पॉलिसी सहसा देत नाही. गाडी उचलून नेण्यासाठीही साध्या पॉलिसीत १,५०० रुपयांचीच मर्यादा असते. म्हणून कंपनीला आजच ईमेल करा : कोऱ्या फॉर्मवर सही करणार नाही, आरसीचा निर्णय कळवा, तोवरचं भाडं आमच्यावर नको. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे सर्व्हे रिपोर्ट आल्यापासून सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. लेखी तक्रारीला महिनाभरात उत्तर नाही आलं तर विमा लोकपालाकडे जा, पुणे आणि मुंबई दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही.

धागाकर्ती

ईमेल पाठवली, बाबांच्याच नावाने, सर्व्हे रिपोर्टही त्यातच मागितला. रिटर्न टू इनव्हॉइस आमच्याकडे नाही, आत्ताच पाहिलं. फास्टॅग बंद करायला टाकलाय. उत्तर आलं की इथेच लिहीन.