सुपरमार्केटमध्ये बिलिंगची नोकरी घ्यावी का? आत काम केलेल्यांनी सांगा

नाशिकरोडकरीण
नमस्कार मंडळी. वय ३८, बी.कॉम. लग्नाआधी पतपेढीत होते, नंतर मुलांमुळे घरीच. धाकटी आता पाचवीत आहे. घराजवळच्या एका मोठ्या साखळी सुपरमार्केटमध्ये मुलाखत झाली, बिलिंगला घेतो म्हणाले. पगार १४,००० आणि बदलत्या शिफ्ट. दुसरीकडे ओळखीच्या घाऊक किराणावाल्याकडे हिशेबाचं काम आहे, ११,००० आणि रविवारी सुट्टी. ह्यांचा कौल किराणावाल्याला, सासूबाईंचा कंपनीला (पीएफ!). ग्राहक म्हणून मला फक्त एसी दिसतो. आत कसं असतं?

काउंटर सात
ताई, मी पुण्यात एका मोठ्या साखळीत बिलिंगला होते. नाव विचारू नका, सगळीकडे साधारण असंच असतं.

काम अवघड नाही, दमवणारं आहे. आल्या आल्या मोबाइल लॉकरमध्ये. मग सुट्टे पैसे मोजून घ्यायचे, सही करायची, काउंटर उघडायचा. सुट्या भाजीचे कोड आठवड्याभरात पाठ होतात. खरी डोकेदुखी यूपीआयची. गिऱ्हाईक म्हणतं पैसे गेले, मशीनवर काही नाही, मागे रांग, आणि रांगेतला प्रत्येक जण तुमच्याकडेच बघतोय. बिलातली वस्तू काढायची तर सुपरवायझरचं कार्ड लागतं आणि तो त्याच वेळी गोडाऊनमध्ये असतो.

एक ते दहा तारीख म्हणजे महिन्याचं सामान भरायची गर्दी. शनिवार-रविवार विसरा, वीकऑफ मंगळवार-बुधवारचाच मिळतो. दसरा ते दिवाळी रजा मागायचीच नाही. लोक लाडू-चकलीचं सामान नेतात आणि आपल्या घरी फराळ विकतचा.

रात्री कॅश टॅली. कमी भरली तर आमच्याकडे सरळ पगारातून कापायचे. कायद्याने आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, पण तेव्हा हे कुणाला माहीत होतं! जाताना बॅग तपासतात. पहिल्यांदा अपमान वाटतो, मग आपणच चेन उघडून पुढे करतो.

चांगलं काय? पगार तारखेला व्हायचा. मैत्रिणी मिळाल्या. आणि अनोळखी माणसाशी बोलायची भीड कायमची गेली. बूट मात्र चांगले घ्या, त्यात काटकसर नको.

हिशेबनीस
१४,००० म्हणजे हातात की कागदावर, हे आधी विचारा. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० असेल. त्याच्या १२ टक्के पीएफ म्हणजे १,५६०. ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) पूर्ण १४,००० वर पाऊण टक्का, १०५. बायकांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. हातात १२,३३५. हे १४,००० 'सीटीसी' (म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) असतील तर कंपनीचा वाटाही त्यातूनच जातो आणि आकडा आणखी उतरतो.

म्हणजे किराणावाल्याशी फरक तीन हजारांचा नाही, तेरा-चौदाशेचा. पण पीएफमध्ये तेवढीच भर कंपनीही घालते, आणि ईएसआयमध्ये घरच्यांचं औषधपाणीही येतं. सासूबाई हुशार आहेत.

आता मुख्य प्रश्न. तुम्ही कंपनीच्या पेरोलवर की एजन्सीच्या? गणवेश एकच असतो, मालक वेगळा. अशा दुकानांत एजन्सीची माणसं असतात, साबण-शाम्पूच्या कंपन्यांचे प्रमोटरही असतात. पाटी बघून जाऊ नका, नेमणूकपत्र कोणाचं ते बघा.

सह्याद्रीचा वारा
पाटीचं तर बोलूच नका. बिग बझार २००१ मध्ये सुरू झालं, घराघरात नाव पोचलं, आणि २०२२ मध्ये कारभार आटोपला.

शटर बंद
स्टोअर मॅनेजर आहे, त्यामुळे थोडा पलीकडून बोलतो. काउंटर सात यांचं बहुतेक खरं आहे. पण ताई, बी.कॉम. आणि पतपेढीचा अनुभव असताना तुम्ही बिलिंगला का जाताय? कॅश ऑफिस मागा. सगळ्या काउंटरची रक्कम जुळवणं, बँकेचा भरणा, कार्ड-यूपीआयचा ताळा. किंवा माल उतरवून घेण्याचा विभाग : पुरवठादाराचं बिल आणि प्रत्यक्ष माल जुळतो का ते बघून नोंद करायची. दोन्हीकडे बसायला खुर्ची असते. आमच्याकडे अशी माणसं शोधून मिळत नाहीत, कारण अर्ज करणारा प्रत्येक जण 'काहीही चालेल' म्हणतो आणि एचआर त्याला बिलिंगला ढकलतं.

आणि मुलाखत एचआरने घेतली असली तरी स्टोअर मॅनेजरला भेटून या. रोस्टर तो लावतो. तुमचं आयुष्य मुख्यालयापेक्षा त्याच्या हातात जास्त असतं. दुपारी दोन ते चार जा, तेव्हा गर्दी कमी असते.

राईनकाठी
खुर्चीवरून आठवलं. मी जर्मनीत राहतो. इथे सुपरमार्केटचे कॅशियर बसूनच बिलं करतात आणि दुकानं रविवारी बंद. काम कुठे अडत नाही. आपल्याकडे बसायचा हक्क केरळने २०१८ मध्ये दुकान कायद्यात घातला, तमिळनाडूने २०२१ मध्ये.

नाशिकरोडकरीण
बापरे, केवढी माहिती! दोन शंका. मोबाइल लॉकरमध्ये, तर शाळेतून फोन आला तर? आणि क्लोजिंग शिफ्ट रात्री साडेदहापर्यंत असते म्हणे.

काउंटर सात
शाळेत दुकानाचा लँडलाइन नंबर देऊन ठेवा, आणि सिक्युरिटीवाल्या काकांशी ओळख ठेवा. निरोप तेच आणून देतात.

हिशेबनीस
महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय कंपनीने करायची. जादा कामाला दुप्पट दर. संमतीचा कागद बहुतेकदा रुजू होतानाच्या गठ्ठ्यात असतो, बाकीच्या कागदांबरोबर सही करून टाकू नका.

शटर बंद
गाडीची सोय आमच्याकडे आहे, सगळीकडे असेलच असं नाही. मॅनेजरला तोंडावर विचारा. उत्तर द्यायला तो अडखळला तर समजा.

नाशिकरोडकरीण
आज नेमणूकपत्र मेलवर आलं. लेटरहेड वेगळ्याच कंपनीचं आहे! ११ महिन्यांचा करार, कामाचं ठिकाण म्हणून दुकानाचा पत्ता.

हिशेबनीस
एजन्सी. लगेच नाही म्हणायचं कारण नाही, पण एक करा. दुकानात त्याच एजन्सीची एखादी मुलगी गाठा आणि विचारा, पीएफच्या पासबुकात मागच्या महिन्याचे पैसे दिसतात का. ईएसआय कार्ड मिळालं का तेही. तोवर किराणावाल्याला नकार कळवू नका.

शटर बंद
आणि कॅश ऑफिसची जागा बहुधा थेट कंपनीच्या पेरोलवर भरतात, कारण तिजोरीची जबाबदारी असते. तेही विचारून घ्या.

नाशिकरोडकरीण
उद्या अडीचला जातेय. पतपेढीचं अनुभवपत्र शोधून काढलंय, त्यावर कॅशियर असंच लिहिलेलं आहे. काय म्हणतात ते इथे कळवते.