पी २१३८ कोड : पेडल बदलण्याआधी मोजा

(सोसायटीच्या ग्रुपवरून; नावांऐवजी फ्लॅट नंबर)

बी-२०३: गाडी पिकअपच घेईना. चेक लाइट लागलाय, आरपीएम हजार-बाराशेच्या वर जात नाही. स्कॅनरवर पी २१३८ हा बिघाडाचा कोड येतोय. गॅरेजवाला थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) बदला म्हणतोय. बदलू का?

ए-५०१: थांबा ताई. थ्रॉटलचा तसला कोड पी २१३५. २१३८ म्हणजे ॲक्सिलरेटर पेडलमधल्या दोन सेन्सरचं आपसात जुळत नाहीये. एक चुकला तर दुसऱ्यावरून कळावं म्हणूनच दोन असतात. ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, खरा कोण ते ठरवता येईना, म्हणून गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे तो मुद्दाम ताकद कमी ठेवतोय.

सी-१०४: इंजिन बंद, इग्निशन ऑन. स्कॅनरवर लाइव्ह डेटा (सेन्सरचे चालू आकडे) लावून पेडल सावकाश दाबा. बऱ्याच गाड्यांत पहिला सेन्सर ०.७५ पासून ४ व्होल्टच्या आसपास जातो, दुसरा प्रत्येक ठिकाणी त्याच्या निम्मा.

ए-५०१: टोयोटाला निम्म्याचा हिशोब लावू नका हं. तिथे बऱ्याच मॉडेलांत दुसरा साधारण ०.८ व्होल्टने वर असतो आणि दोघं बरोबरीने चढतात.

डी-३०२: आकड्यांपेक्षा ग्राफ बघा. घासून चालणाऱ्या सेन्सरचा कार्बन ट्रॅक (आतली कार्बनची पट्टी) सुरुवातीच्या पाव भागात जास्त झिजतो, पाय रोज तिथेच असतो ना. ग्राफला तिथे क्षणभर खड्डा पडतो, साध्या मीटरला तो दिसतही नाही.

बी-२०३: आणि ग्राफ सरळ आला तर?

सी-१०४: मग वायरिंग हलवून बघा, ग्राफ तेव्हा उडतो का. पेडलच्या सॉकेटला बहुधा ६ वायरी: ५ व्होल्ट, ग्राउंड, सिग्नल, प्रत्येकी दोन. सॉकेट लावलेलंच ठेवून मागून मीटरची बारीक पिन घाला. सप्लाय ४.९ ते ५.१ हवा. सेन्सरचा ग्राउंड ते बॅटरी निगेटिव्ह ०.१ व्होल्टच्या आत. वायर टोचू नका, पुढे तिथूनच पाणी शिरून तांबं हिरवं पडतं.

ए-५०१: ५ व्होल्टच नसतील तर पेडलला दोष देऊ नका. काही गाड्यांत तोच सप्लाय एसी प्रेशर सेन्सरलाही जातो. त्या सप्लायवरच्या सेन्सरचं एकेक सॉकेट काढत जा, ज्याचं काढल्यावर ५ परत येतील तो चोर.

डी-३०२: आणि बेसमेंटमधले उंदीर विसरू नका 🐀 बॉनेटखालचं हार्नेस (वायरींचा जुडगा) आधी बघा.

बी-२०३: पेडलच गेलं असेल तर नुसता सेन्सर मिळतो?

सी-१०४: बहुतेक अख्खी असेंब्लीच घ्यावी लागते. पार्ट नंबर जुळवूनच घ्या. बसवल्यावर कोड पुसा, काही गाड्यांत स्कॅनरने लर्निंगही करावं लागतं, म्हणजे ईसीएमला नव्या पेडलची ओळख करून द्यावी लागते.

बी-२०३: मीटर आहे का कुणाकडे?

डी-३०२: आहे, बारीक पिनाही आहेत. तोवर हायवेला काढू नका.