दहिवर पडण्याआधी परसबागेची तयारी कशी करावी?

प्रश्न (लिंगमळा, महाबळेश्वर):
नमस्कार. यंदाच आम्ही वाईहून येथे राहायला आलो असून आमचे घर वेण्णा तलावाच्या बाजूला, सखल जागेत आहे. परसात मी टोमॅटो, मिरची, घेवडा, कोबी आणि स्ट्रॉबेरीचा एक वाफा लावला आहे. कुंड्यांमध्ये तुळस व जास्वंद आहे. डिसेंबर-जानेवारीत या भागात दव गोठून गवत पांढरे होते, असे शेजारी सांगतात. अंदाजात किमान तापमान पाच-सहा अंश असताना दव गोठते कसे, आणि झाडे प्लॅस्टिकच्या कागदाने झाकली तर चालेल का?

उत्तर १ (पाचगणी):
ताई, अंदाजातील तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवरच्या हवेचे असते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमीन व पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात, त्यामुळे पानांचा पृष्ठभाग त्या हवेपेक्षा कितीतरी अधिक थंड होऊन शून्याखाली जाऊ शकतो. शिवाय थंड हवा जड असल्याने उतारावरून वाहत येऊन सखल भागात साचते, म्हणूनच गावठाणात काही नसताना तलावाकाठी दहिवर दिसते. ढगाळ रात्री ही भीती फारशी नसते.
प्लॅस्टिक पानांना टेकले की तेथील पाने हमखास करपतात. काठ्यांचा सांगाडा करून त्यावर जुनी चादर किंवा गोणपाट घालावे आणि त्याच्या कडा जमिनीपर्यंत आणाव्यात, कारण आपल्याला अडवायची आहे ती मातीतून वर येणारी ऊब. झाडाच्या शेंड्याला गाठोडे बांधून खाली मोकळे ठेवल्यास ती ऊब निसटून जाते. झाकण सूर्यास्ताच्या सुमारास घालावे व सकाळी ऊन आल्यावर काढावे. कुंड्या भिंतीलगत, पडवीत घ्याव्यात.

उत्तर २ (तासगाव):
आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या करतात, परंतु घराशेजारी तो धूर नको असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा दुपारी वाफ्यांना पाणी द्यावे. ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची उष्णता अधिक साठवते आणि रात्री ती सावकाश सोडते. युरिया मात्र आता थांबवावा, कारण त्याने येणारी कोवळी फूट थंडीला सर्वांत आधी बळी पडते.

उत्तर ३ (भिलार):
कोबीची चिंता करू नये, तो हलके दहिवर सोसतो. आधी टोमॅटो, मिरची, घेवडा आणि तुळस झाकावी. स्ट्रॉबेरीचे रोप तगते, पण उमललेले फूल फार नाजूक असते. दुसऱ्या दिवशी फुलाचा मधला भाग काळा पडलेला दिसला, तर त्या फुलाला फळ धरणार नाही असे समजावे. दहिवराने काळवंडलेली जास्वंदीची पाने व फांद्या लगेच छाटू नयेत. त्या मेलेल्या भागाचा खालच्या जिवंत डोळ्यांना थोडा आडोसा मिळतो, आणि छाटणीने निघणारी नवी फूट पुढच्याच थंड रात्री जाते. फेब्रुवारी संपल्यावर खोड नखाने खरवडून पाहावे आणि जेथून हिरवे दिसेल, त्याच्या वर कापावे.