मॉर्मन मिशनरी आणि बाप्तिस्म्याचा निर्णय: याला मदत म्हणावे की दबाव?

धागाकर्ती:
आम्ही बरीच वर्षे युटामधील सॉल्ट लेक सिटीत राहतो. आमचे बहुतेक शेजारी चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचे, म्हणजे रूढ भाषेत मॉर्मन आहेत. त्यांच्यापैकी एका घरातील मुलगा वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांच्या रिवाजाप्रमाणे, दोन वर्षांसाठी धर्मप्रचाराला इंग्लंडमधील लँकाशायरमध्ये गेला होता. तेथील एका साठीच्या विधवा बाईंना बाप्तिस्मा घ्यावासा वाटत होता. या पंथात चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू वर्ज्य आहेत. बाईंना शिकवण पटली होती, मात्र पतीच्या हयातीत दोघांनी मिळून घ्यायचा सकाळचा चहा त्यांना सोडवत नव्हता. ठरलेली तारीख जवळ आली तेव्हा या मुलानेच ती पुढे ढकलण्याचे सुचवले आणि त्यानंतरही त्यांच्याकडे जाणे सुरू ठेवले. चहा सुटला की नाही, हे तो विचारत नसे. प्रार्थना केल्यावर मनात काय आले, एवढेच विचारून ऐकत बसे. काही महिन्यांनी बाईंनी स्वतःहून तारीख सांगितली. बाप्तिस्म्याच्या वेळी पहिल्या बुडीत त्यांच्या पायाचा अंगठा पाण्याबाहेर राहिला. संपूर्ण शरीर पाण्याखाली जावे असा नियम असल्याने हौदाशी उभ्या असलेल्या दोन साक्षीदारांपैकी एकाने मानेनेच नकार दिला आणि पांढऱ्या कपड्यांतील बाईंना आणि बाप्तिस्मा देणाऱ्याला प्रार्थनेसह सारा विधी पुन्हा करावा लागला.

मी हिंदू आहे आणि धर्मांतराविषयी माझ्या मनात पूर्वीपासून अढी होती. तरीही याला दबाव म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ज्या मिशनरीने शिकवले, त्याने बाप्तिस्म्यापूर्वीची मुलाखत घ्यायची नाही, ती दुसऱ्याने एकांतात घ्यायची, हा त्यांचा नियमच आहे. आठ वर्षांखालील मुलांना ते बाप्तिस्मा देत नाहीत, कारण निर्णय समजून घेतलेला असावा अशी त्यांची श्रद्धा आहे.

साशंक:
मुलगा सज्जन आहे, याबद्दल वाद नाही. परंतु एका मुलाच्या सज्जनपणावरून आपण संपूर्ण व्यवस्थेला प्रमाणपत्र देत आहात, हे मला मान्य नाही. याच इंग्लंडमध्ये १९५०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९६०च्या सुरुवातीला मिशनरींनी बेसबॉल खेळायला बोलावून कितीतरी किशोरवयीन मुलांना बाप्तिस्मा दिला होता. आपण नेमके कशात सामील झालो, हेच त्यांतील अनेकांना ठाऊक नव्हते, आणि पुढे मोठ्या संख्येने त्यांची नावे सदस्यांच्या यादीतून काढावी लागली. आकड्यांची हाव सुटली की नियम कागदावरच राहतात. दुसऱ्याने घेतलेली मुलाखतही मला फारशी आश्वासक वाटत नाही, कारण तो दुसरा म्हणजे बहुधा त्याच वयाचा आणि त्याच मिशनमधला मिशनरी असतो. शिवाय एकाकी माणसाकडे दोन हसतमुख तरुण नेमाने येऊ लागले, तर त्यांना नाही म्हणणे किती जड जात असेल, याचाही विचार व्हावा.

नगरकर:
साशंक यांचा शेवटचा मुद्दा रास्त आहे, पण एकाकी माणसाला स्वतःची बुद्धी नसते असा त्याचा अर्थ होऊ नये. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या पतीमागोमाग ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांनी दुरावा आणि हाल सोसले, जातिभेद ईश्वराने केलेला नाही या निष्कर्षाला त्या स्वतः विचार करून आल्या आणि मग १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पंथ वेगळा, काळ वेगळा, तरीही माझ्या मते खरी कसोटी वेळेची आहे. ज्याला थांबता येते, तोच मदत करतो.

धागाकर्ती:
बेसबॉलचे प्रकरण लांच्छनास्पदच होते, त्याचे समर्थन मी करणार नाही. पहिल्याच भेटीत बाप्तिस्म्याचे निमंत्रण देण्याच्या प्रथेला २०१९ मध्ये चर्चच्या वरिष्ठ नेत्यांनीच जाहीरपणे नापसंती दर्शवली. म्हणजे तोवर ती प्रथा चालू होती, हेही मी मान्य करते. परंतु ज्या मुलाने तारीख पुढे ढकलली, त्यालाही दर आठवड्याला आपल्या कामाचे आकडे वर कळवावे लागत होतेच. त्याने बाईंच्या मनाला आकड्यापेक्षा अधिक मान दिला आणि त्या मोकळेपणात बाईंनी निर्णय घेतला. त्या निर्णयाला व्यवस्थेची करामत ठरवले, तर आपण बाईंच्या विचारशक्तीचाच अपमान करतो.

साशंक:
बाईंचा अपमान करण्याचा माझा हेतू नाही. माझा आक्षेप बाप्तिस्म्यानंतरच्या काळाविषयी आहे. मिशनमध्ये बदल्यांचा फेरा साधारण सहा आठवड्यांनी येतो. ज्याच्या विश्वासावर बाईंनी चहा सोडला, उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देण्याचे मान्य केले आणि कदाचित नातेवाइकांची नाराजीही ओढवून घेतली, तो मुलगा पुढच्याच फेऱ्यात दुसऱ्या गावी जाऊ शकतो. त्यानंतर तेथील मंडळींपैकी बाईंकडे कोण जात होते, याची चौकशी आपण शेजाऱ्यांकडे जरूर करावी. बाई दोन वर्षांनीही तेथे आनंदाने जात असतील, तर या एका बाबतीत मी माझे म्हणणे मागे घेईन.