शनिवार-रविवारचा रायफल शूटिंग कोर्स, 43 व्या वर्षी करण्यात काही अर्थ आहे का?

चष्मेवाली_पुणे
नमस्कार मंडळी. लेक तेरा वर्षांची आहे, पॅरिस ऑलिंपिकला स्वप्नील कुसाळेला नेमबाजीत ब्राँझ मिळालं तेव्हापासून तिच्या डोक्यात रायफल बसलीय. घराजवळच्या रेंजवर नवशिक्यांसाठी दोन दिवसांचा कोर्स आहे म्हणून तिचं नाव घालायला गेले, तर तिथले सर म्हणाले "ताई तुम्हीपण या की", आणि मी भावनेच्या भरात माझंही नाव घालून आले. आता घरी आल्यावर धाकधूक. वय 43, चष्मा प्रोग्रेसिव्ह, उजवा खांदा कुरकुरतो, आजवरचा अनुभव म्हणजे जत्रेतले फुगे, तेही दहातले दोन. खांद्याला झटका बसतो का? लायसन्स लागतं का? नेमबाज घालतात ते जाडं जॅकेट विकत घ्यावं लागेल का? नवरा म्हणतोय त्यापेक्षा झुंबा लाव.

पेलेटकाका
झटका विसरा. कोर्सला 10 मीटरची एअर रायफल देतात, हवेवर चालते, खांद्याला काहीही जाणवत नाही. स्वप्नीलचा इव्हेंट वेगळा, 50 मीटर, .22 ची रायफल, गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून असा तिन्ही पोझिशनचा, त्या रायफलला लायसन्स लागतं. .177 बोअरच्या आणि 20 जूलच्या आतल्या एअरगनला लागत नाही, आणि तसंही तुम्ही रेंजचीच वापरणार. जॅकेटला आत्ता एक रुपया घालू नका, आधी साध्या टीशर्टवर उभं राहायला शिका.

खरा त्रास खांद्याला नाही, कमरेला होतो. चार-साडेचार किलोची रायफल हाताच्या जोरावर उचलून धरली की दुसऱ्या मिनिटाला थरथर सुरू. डावं कोपर बरगडीखाली, कमरेच्या हाडावर टेकवायचं, म्हणजे वजन हाडातून खाली जातं, दंडाला काम उरत नाही. हे जमलं की पहिला दिवस वसूल.

चष्मा मात्र प्रोग्रेसिव्ह नको. रायफलला गाल टेकवला की आपण काचेच्या वरच्या कोपऱ्यातून बघतो, तिथे नंबर भलताच असतो. जुना, नुसता लांबचा चष्मा असेल तर तो न्या. रायफलवर नेम धरायला पुढे-मागे साइट असतात, मागच्या साइटला बारीक भोक असतं, त्यातून बघितलं की चाळिशीच्या डोळ्यालाही बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. पुढच्या साइटमधली रिंग स्पष्ट पाहिजे, टार्गेट धुरकट दिसलं तरी चालतं, उलट तसंच दिसायला हवं.

आणि मधल्या ब्रेकमध्ये वडापाव खायच्या आधी हात साबणाने धुवा, लेकीलाही लावा. पेलेट, म्हणजे एअर रायफलच्या बारक्या गोळ्या, शिशाच्या असतात.

नेम_चुकलेला
दोन दिवसात काय डोंबल होणार, सर्टिफिकेटचा फोटो स्टेटसला टाकायचा आणि झालं. टार्गेटच्या मधोमध असलेला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो ताई, दहा मीटरवरून. लोक वर्षानुवर्षं घासतात तेव्हा कुठे लागतो.

पेलेटकाका
@नेम_चुकलेला ठिपका अर्धा मिलिमीटरचा पण पेलेट साडेचारची, कड घासली तरी दहा मोजतात. इतकं पण घाबरवू नका.

डावखुरी_नाही
मी 38 व्या वर्षी असाच कोर्स केला होता. पहिल्या दिवशी माझ्या गोळ्या टार्गेटच्या कागदावरच नव्हत्या, शेजारच्या मुलाच्या टार्गेटला सहा भोकं, तो बिचारा खूश 😄 नंतर कळलं की मी उजव्या हाताची पण माझा डावा डोळा जास्त चालतो. हे घरीच बघून जा, दोन्ही हात लांब करून पंज्यांमध्ये छोटी फट ठेवा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा, ज्या डोळ्याने घड्याळ गायब होत नाही तो तुमचा. मला डाव्या डोळ्यापुढे पांढरी पट्टी लावून दिली, काम झालं. तो डोळा आवळून मिटू नका, दहा मिनिटांत अख्खं तोंड दुखतं.

चष्मेवाली_पुणे
सगळ्यांचे आभार, आत्ताच आलो, पाय मोडलेत. माझा डोळा उजवाच निघाला, लेकीचा डावा! पट्टी बघून आधी रुसली, मग दुपारी स्वतःच मागून घेतली.

पहिला दीड तास एकही गोळी दिली नाही. सरांनी रायफलच्या नळीवर रुपयाचं नाणं ठेवलं आणि म्हणाले नुसता ट्रिगर दाबा, नाणं पडता कामा नये. (घरच्या स्प्रिंगवाल्या एअरगनवर रिकामा ट्रिगर मारू नका, पिस्टन खराब होतो असंही सांगितलं, यांच्या रायफलला त्यासाठी वेगळी सोय आहे.) माझं नाणं अकरा वेळा पडलं, मी मोजलं, कारण दरवेळी मी वाकून उचलत होते.

मग खऱ्या गोळ्या. पाचही खाली डावीकडे, सातच्या काट्याच्या दिशेला, सहाच्या रिंगमध्ये. मी म्हटलं गेलं सगळं, तर सरांनी त्या पाच भोकांवर पाच रुपयांचं नाणं ठेवलं, सगळी झाकली गेली. म्हणे "हेच पाहिजे होतं, जागा मी हलवतो, गठ्ठा तुम्हीच बांधायचा". साइटचा स्क्रू टकटक फिरवला आणि पुढची पेलेट थेट नवात. मी ओरडले, रेंजवर ओरडायचं नसतं म्हणून बोलणी पण खाल्ली.

आज शेवटी दहा-दहा गोळ्या झाल्या, माझे 71, लेकीचे 64. ती गाडीत बोलली नाही. आता पुढच्या बॅचचं विचारतेय, आणि नवरा विचारतोय की तिसऱ्या माणसाला फी कमी करतात का.

नेम_चुकलेला
71 चांगले आहेत. रेंजचा पत्ता मेसेज करा जरा.