मदत हवी आहे: रोजच्या कामातलं शेवटी काय उरतं?

नमस्कार. १ मे रोजी, श्रमिक संत जोसेफ यांच्या सणाला, चर्चच्या गटात मला वीस मिनिटं बोलायचंय. समोर नर्स, प्लंबर, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया. 'काम हीच सेवा' हे त्यांनी शंभरदा ऐकलंय. मला पुढचं घ्यायचंय: कामाचं फळ टिकतं की नाही?

वाचलंय ते असं. बायबलमध्ये १ करिंथ १५:५८, प्रभूमधले श्रम व्यर्थ नाहीत. प्रकटीकरण २१:२६, राष्ट्रांचं वैभव शेवटी देवाच्या नव्या नगरीत आणलं जाईल. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६५चा 'गौदियुम एत स्पेस' हा दस्तऐवज तर परिच्छेद ३९ मध्ये थेट म्हणतो की परिश्रमांची चांगली फळं शुद्ध होऊन आपल्याला पुन्हा भेटतील. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा पाचारणाचा (रोजचं काम हीच देवाची हाक) विचारही पाहिला, पण तो शेजाऱ्याच्या गरजेपाशीच थांबतो असं मला वाटतं.

गाडी अडलीय २ पेत्र ३:१० वर, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या दिवसाबद्दलच्या वचनावर. माझ्याकडच्या मराठी प्रतीत पृथ्वीवरची कामं 'जळून जातील' असं आहे. सगळ्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत मात्र 'सापडतील' अशा अर्थाचं क्रियापद आहे म्हणे. म्हणजे १ करिंथ ३:१३ सारखी, प्रत्येकाचं काम पारखणारी अग्निपरीक्षा, राखरांगोळी नव्हे?

मला ग्रीक येत नाही, इंग्रजी चालेल. कलस्सै ३:२३ (जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा) कृपया सुचवू नका, ते पाठ आहे.

२ पेत्र ३:१० मध्ये 'सापडतील' हा शब्द घेतलेलं मराठी भाषांतर कुणाला माहीत आहे का? आणि रोज पुसूनही रोज मळणाऱ्या फरशीतलं काय 'सापडणार', असं एखाद्या मावशीने विचारलं, तर काय सांगू?