मदत हवी आहे: सासर खानापूर तालुक्यात, बाळंतपण चंदगडला. आशाताई कुठल्या येणार?

नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. तिला कर्नाटकातल्या (बेळगाव जिल्हा) खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला दिली आहे. आमचं माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातलं. पहिलटकरीण आहे, सातवा संपत आला, ओटी भरली की आई घेऊन जाणार. मी बेळगावात असते, म्हणून दोन्हीकडचं बघणं माझ्याकडे आहे.

तिच्या गावच्या आशाताई फार जिवाला जीव देणाऱ्या आहेत. तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदरपणाच्या नोंदीचं कार्ड) काढण्यापासून सोनोग्राफीला सोबत जाण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.२ आलं, तर त्या संध्याकाळीच घरी आल्या. पापणी खाली ओढून बघितली, गोळ्यांची पाकिटं मागितली आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या. तेव्हा कळलं, ही लोहाची गोळी चहाबरोबर घेत होती! आता दिवसाला दोन गोळ्या, लिंबूपाण्याबरोबर, आणि कॅल्शियम वेगळ्या वेळी. दवाखान्यात सिस्टर कन्नडमध्ये बोलतात, ते बहिणीला मराठीत समजावून सांगणाऱ्याही याच.

हद्द ओलांडली की हे सगळं तुटेल का, याची धास्ती वाटते. कार्ड कन्नडमध्ये आहे. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे तीन आठवड्यांत परत न्यायचं म्हणतात. मग घरी येऊन बाळाला बघणं कोण करणार? जन्मदाखला, लसी, सरकारच्या मातृवंदना योजनेचे पैसे यांचं काय? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.

उत्तर (निपाणी भागातून, आशा कार्यकर्ती)
ताई, काळजी करू नका. आमच्याकडे कर्नाटकात, महाराष्ट्रातल्या कागल भागातल्या लेकी सून म्हणून येतात आणि बाळंतपणाला तिकडं जातात, हे नेहमीचंच. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशानं घरी जायचं असतं. बाळाचं वजन, ताप, नाळ, अंगावर पितंय का, आणि आईचा रक्तस्राव, सगळं बघायचं. या कामाचे आशाला २५० रुपये मिळतात. भेटी माहेर आणि सासर अशा वाटल्या गेल्या तर दोघींना १२५-१२५ द्यायची तरतूद आहे. म्हणजे ‘ही आमच्या यादीतली नाही’ म्हणायला जागा नाही. निघण्याआधी दोघी आशांचं फोनवर बोलणं करून द्या, याच्याइतका उपयोग कशाचाच नाही. कार्डावरचा आरसीएच नंबर (गरोदर बाईच्या सरकारी नोंदीचा क्रमांक), शेवटच्या पाळीची तारीख, रक्तगट आणि हिमोग्लोबिन एका कागदावर मराठीत लिहून कार्डाला टाचून ठेवा.

उत्तर (चंदगडहून, निवृत्त परिचारिका)
जन्माची नोंद बाळ जिथं जन्मतं तिथंच होते, २१ दिवसांच्या आत. तेव्हा दाखला महाराष्ट्रातला निघेल, त्यात अडचण काही नाही. सासरी परतायच्या आधी तो हातात घ्या, नंतर हेलपाटे पडतात. बीसीजी, पोलिओ, कावीळ ब या जन्मल्यावरच्या लसी इथं होतील, दीड महिन्याच्या सासरी घ्या. लसी कुठल्याही सरकारी केंद्रात मिळतात, फक्त कार्ड जपा. मातृवंदनेचे पहिल्या बाळाला ५००० मिळतात: नोंदणी आणि तपासणीनंतर ३०००, जन्मनोंद आणि पहिल्या टप्प्यातल्या लसी झाल्यावर २०००. या योजनेची नोंदणी सासरीच उरकून घ्या.

एक मात्र ऐका. हिमोग्लोबिन ९.२ असताना महिन्यानं रक्त पुन्हा तपासलंच पाहिजे. घरी बाळंतपणाचा विचारही नको. डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, तोंडावर सूज, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही दिसलं की थांबू नका. १०८ दोन्ही राज्यांत आहे. फोन लागताच आधी गाव, तालुका, जिल्हा सांगा.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. दोन्ही आशाताईंचं बोलणं करून दिलं, चंदगडच्या ताई म्हणाल्या, ‘येण्याच्या आदल्या दिवशी कळवा.’ गोळ्या इथून न्यायच्या की तिकडे मिळतील?

निपाणी
महिन्याच्या बरोबर न्या. नवीन ठिकाणी नोंद होईपर्यंत खंड नको.